डिझेल ट्रकच्या धुराचा वास: सायलेन्सरमधली उपकरणं नव्यानं समजून घेणाऱ्यांसाठी

जुना ट्रक घेताना मी इंजिनचा आवाज ऐकला, टायर पाहिले, चासीखाली आडवं होऊन वेल्डिंगच्या खुणा शोधल्या. सायलेन्सरकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. पुढचे तीन महिने त्याच सायलेन्सरनं झोप उडवली. सकाळी गाडी चालू केली की मागे उभं राहवत नसे, नाकात झणझणायचं. केबिनमध्ये अर्ध्या तासात डोकं जड व्हायचं. मग डॅशबोर्डवर एक दिवा लागला, मग दुसरा, आणि एक दिवस भरल्या गाडीनं चढावर पिकअप सोडला. धुरातले नॉक्स नावाचे वायू मोजणारे दोन नॉक्स सेन्सर बदलून झाले, दिवे तसेच. शेवटी जो दोष सापडला तो कोमट पाण्यानं धुऊन गेला.

त्या तीन महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमानं लिहितो आहे. नवा माणूस दिव्याची वाट पाहत बसतो, पण वास बऱ्याचदा दिव्याच्या आधी येतो. कुठला वास कशाचा हे एकदा डोक्यात बसलं की गॅरेजमध्ये तुम्ही अंदाजानं पार्ट बदलू देत नाही.

१. आधी सायलेन्सरमध्ये काय काय आहे ते समजून घ्या

हल्लीच्या ट्रकचा सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबणारा डबा नाही. इंजिनपासून मागच्या पाइपाच्या तोंडापर्यंत धूर एकेका उपकरणातून जातो आणि एक बिघडलं की त्याचा भार पुढच्यावर पडतो. म्हणून क्रम पाठ असायला हवा.

पहिलं ईजीआर. इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग थंड करून परत हवेच्या वाटेनं इंजिनात सोडायचा, हे त्याचं काम. त्यानं सिलिंडरमधलं जळण्याचं तापमान खाली येतं. हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन फार तापले की नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, त्यांनाच सगळे नॉक्स म्हणतात. तापमान कमी, नॉक्स कमी. सगळ्या ट्रकांत ईजीआर नसतो, तुमच्या गाडीत आहे का ते पुस्तिकेत पाहा.

दुसरं डीओसी. प्लॅटिनम, पॅलॅडियमसारख्या धातूंचा पातळ थर दिलेली ही बारीक छिद्रांची वीट. ती कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेलं इंधन जाळून टाकते. डिझेलच्या धुराचा जो ओळखीचा उग्र वास आहे तो मुख्यतः या अर्धवट जळालेल्या इंधनाचा आणि त्यातून तयार होणाऱ्या आल्डिहाइड नावाच्या वायूंचा. डोळे झोंबतात ते बरेचसे त्यांच्यामुळे. मात्र डीओसी थंड असताना काम करत नाही, साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यावर ती नीट जागी होते. म्हणून थंड इंजिनचा पहिल्या काही मिनिटांचा वास जास्त असतो. तेवढ्यावरून घाबरू नका.

तिसरं डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. यात हजारो बारीक नळ्या असतात. एक नळी पुढून उघडी मागून बंद, तिच्या शेजारची पुढून बंद मागून उघडी. धुराला नळ्यांच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीला चिकटून राहते. फिल्टर धडधाकट असेल तर काजळीच्या वजनापैकी ९५ टक्क्यांहून जास्त भाग तिथेच अडतो. साठलेली काजळी जाळून टाकायच्या प्रक्रियेला रिजनरेशन म्हणतात, बोलताना सगळे रिजन म्हणतात.

चौथं एससीआर. इथे धुरात युरियाचं पाणी फवारलं जातं. ड्रायव्हरच्या तोंडी ते नुसतं युरिया, डब्यावर डीईएफ किंवा ॲडब्लू. गरम धुरात युरियापासून अमोनिया तयार होतो आणि कॅटलिस्टवर तो नॉक्सशी भिडला की साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ उरते. शेवटी बऱ्याच गाड्यांत आणखी एक छोटा थर असतो, उरलासुरला अमोनिया बाहेर पडू नये म्हणून.

या सगळ्यावर नजर ठेवायला तापमानाचे सेन्सर, डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर आणि एससीआरच्या आधी व नंतर एकेक नॉक्स सेन्सर असतो. दिवा लावतात ते हे सेन्सर. पण सेन्सरनं तक्रार केली म्हणजे सेन्सरच खराब, असं धरून चालू नका. मी तेच केलं होतं.

२. हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- गाडीची मूळ वाहन पुस्तिका. डॅशबोर्डच्या दिव्यांचं पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- सर्व्हिसची नोंदवही आणि मागच्या मालकाची बिलं. डीपीएफ कधी साफ केला, ऑइल कुठल्या दर्जाचं टाकलं, डोसिंग नोझल (युरिया फवारणारी तोटी) किंवा युरियाचा पंप बदलला का, हे त्यातूनच कळतं.
- प्रदूषण तपासणीची प्रमाणपत्रं, असतील तेवढी जुनीही.
- वॉरंटीचे कागद. काही कंपन्या धुराच्या उपकरणांना वेगळी वॉरंटी देतात, ते वाचल्याशिवाय खिशात हात घालू नका.

साधनं:
- जाड रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, चांगला टॉर्च.
- पांढरं सुती फडकं. हे साधन मला सगळ्यात उपयोगी पडलं, का ते पुढे येईल.
- युरियाची तीव्रता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर. तळहाताएवढा असतो, दोन थेंब पुरतात.
- अवजड गाड्यांचे कोड वाचणारा स्कॅनर. कारसाठीचा प्रत्येक स्कॅनर ट्रकला चालतोच असं नाही, घेण्याआधी खात्री करा.
- युरियासाठी स्वतंत्र प्लास्टिकचं नरसाळं. डिझेलला वापरलेलं नको, ऑइलला वापरलेलं तर मुळीच नको.
- केबिनसाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म.

शेवटची वस्तू चैन वाटेल, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचं धोक्याचं प्रमाण नाकाला कळत नाही, डोकेदुखी, मळमळ, गुंगी अशानं कळतं आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नका. डिझेलच्या धुरालाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. वास ओळखा म्हणतो आहे, त्याचा अर्थ पाइपाला नाक लावा असा नाही. गाडी उघड्यावर उभी करा, वाऱ्याच्या बाजूनं या, दोन-तीन पावलांवरून अंदाज घ्या आणि बाजूला व्हा. आणखी एक, नाक लवकर मरतं. पाच-दहा मिनिटं त्याच वासात उभं राहिलात की तो जाणवेनासा होतो. त्यामुळे सकाळी पहिल्यांदा जे जाणवलं तेच खरं धरा आणि वहीत लिहून ठेवा.

३. वास ओळखा

कच्च्या डिझेलचा वास, सोबत पांढुरका धूर. इंधन सिलिंडरमध्ये न जळता बाहेर येतं आहे. थंड हवेत पहिली काही मिनिटं हे चालतं. गाडी तापल्यावरही वास तसाच असेल तर टपकणारं इंजेक्टर, कमी झालेलं कॉम्प्रेशन किंवा इंधन जाळू न शकणारी डीओसी यांपैकी काहीतरी आहे. काही गाड्यांत रिजनसाठी सायलेन्सरच्या वाटेत वेगळा डिझेल फवारणारा डोसर असतो, तो गळत असेल तरी हाच वास. ज्या गाड्यांत रिजनसाठी सिलिंडरमध्येच जास्तीचं डिझेल सोडतात, तिथे ते भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ‘बरं झालं, ऑइल खात नाही’ असं म्हणू नका. काडीचा वास घ्या. डिझेल लागत असेल तर ते ऑइल पातळ झालेलं आहे, गाडी पुढे दामटू नका.

करपट ऑइलचा वास, निळसर धूर. टर्बोचं सील, पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हची सीलं. पण आधी बाहेरून पाहा. व्हॉल्व्ह कव्हरच्या गास्केटमधून ऑइलचा थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपावर पडला तरी हुबेहूब हाच वास येतो आणि तो दोष किरकोळ आहे. इंजिन उघडायची भाषा कुणी करायच्या आधी टॉर्च घेऊन तिथे पाहा.

गोडसर वास, वाफेसारखा पांढरा धूर, कूलंटची पातळी रोज थोडी खाली. कूलंट धुरात मिसळतो आहे. ईजीआर कूलर फुटल्यावर असं होतं, हेड गास्केट गेल्यावरही होतं. यात चालढकल नको. कूलंट पुढच्या फिल्टरचं आणि कॅटलिस्टचंही नुकसान करतो.

काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास. इंधनात गंधक जास्त आहे. युरो ६ या युरोपातल्या प्रदूषण मानकाच्या दर्जाच्या डिझेलमध्ये गंधक किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे १० पीपीएम इतकंच चालतं. हलक्या डिझेलनं कॅटलिस्ट दमतं. टाकी कुठे भरली होती ते आठवा आणि पुढच्या वेळी दुसरीकडे भरा. डिझेलच्या बिलामागे तारीख आणि किलोमीटर लिहायची सवय इथे कामी येते.

तळणाच्या तेलासारखा वास. डिझेलमध्ये बायोडिझेलचं प्रमाण जास्त असेल तर असा वास येतो. तुमच्या इंजिनला किती टक्के मिश्रण चालतं ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

काळा धूर. हा वासापेक्षा डोळ्यांचा विषय. इंजिनला हवा कमी किंवा इंधन जास्त: चोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटलेला होज, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह. मात्र डीपीएफ असलेल्या गाडीच्या मागून काळा धूर दिसायलाच नको. दिसला तर फिल्टर फुटलेला आहे किंवा आतून काढून टाकलेला आहे. पांढरं फडकं इथे लागतं. गाडी पूर्ण थंड असताना मागच्या पाइपाच्या आतून फडकं फिरवा. डीपीएफ चांगला असेल तर फडक्यावर फार तर राखाडी धूळ येते. माझ्या फडक्यावर जवळजवळ काहीच आलं नाही, तेव्हा निदान फिल्टर शाबूत आहे एवढं कळलं आणि धीर आला. काळं तेलकट काजळ आलं तर जुना ट्रक घेण्याआधीच सौद्यावर पुन्हा बसा.

अमोनियाचा दर्प. नाकात सरळ वर चढणारा, मुतारीसारखा. माझ्या गाडीचा हाच होता. याचा अर्थ युरिया गरजेपेक्षा जास्त जातो आहे, किंवा जातो तेवढा वापरला जात नाही, किंवा तो धुरात नीट मिसळत नाही. युरो ६ च्या चाचणीत धुरातला अमोनिया सरासरी १० पीपीएमच्या आत असावा लागतो. त्यामुळे सगळं नीट असलेल्या गाडीच्या मागे असा दर्प रोजच्या रोज यायचं कारण नाही.

४. अमोनियाचा माग कसा काढायचा

गॅरेजमध्ये कोड वाचला, एससीआर नीट काम करत नाही असा आला. लगेच मागचा नॉक्स सेन्सर बदलला. चार दिवसांनी तोच कोड. मग पुढचा बदलला. पुन्हा तोच. नॉक्स सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे अमोनिया खरोखर सुटत असेल तर चांगला सेन्सरही ‘नॉक्स वाढलं’ असंच ओरडणार. तो खोटं बोलत नव्हता, मीच अर्धवट ऐकत होतो.

तुम्ही हा क्रम धरा.

आधी टाकीतल्या युरियाची तीव्रता मोजा. ३२.५ टक्के हवी, आयएसओ २२२४१ या मानकात ३१.८ ते ३३.२ इतकी मुभा आहे. कमी आली तर पाणी मिसळलेलं आहे किंवा माल जुना आहे.

मग डोसिंग नोझल उघडून पाहा, गाडी थंड असताना. माझ्या गाडीत नोझलच्या टोकावर आणि पाइपाच्या आतल्या भिंतीवर बोटभर जाडीचा पांढरा, मिठागरासारखा थर बसला होता. त्यामुळे फवारा सरळ न जाता भिंतीवर आपटत होता, तिथेच सुकत होता आणि गाडी तापली की एकदम अमोनिया सोडत होता. हा थर ताजा असेल तर पाण्यात विरघळतो. कोमट डिस्टिल्ड पाण्यात नोझल भिजत ठेवलं, पाइपाची भिंत ओल्या फडक्यानं पुसत राहिलो, अर्ध्या तासात निघाला. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नका, नोझलचं छिद्र फार बारीक असतं. आणि नोझलचं गास्केट एकदा उघडलं की नवंच टाका. थर फार जुना, पिवळट आणि दगडासारखा झाला असेल तर पाण्यानं निघत नाही, तो भाग गॅरेजवर सोडा.

पण थर बसला का, हे शोधलं नाही तर महिन्याभरात परत बसतो. माझ्या बाबतीत कारण साधं निघालं. गाडी उभी केली की चावी फिरवून लगेच बॅटरीचा मेन स्विच पाडायची सवय होती. इंजिन बंद झाल्यावर युरियाचा पंप नळ्यांमधला युरिया टाकीत परत ओढून घेतो, त्याला एक-दोन मिनिटं लागतात आणि वीज लागते. आपण वीजच तोडली की युरिया नळीत आणि नोझलमध्ये राहतो, पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं. इंजिन बंद केल्यावर पंपाची बारीक घरघर ऐका. ती थांबली, की मग मेन स्विच. तुमच्या गाडीला किती वेळ लागतो ते पुस्तिकेत असतं.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे गाडी तासन्‌तास रिकामी चालू ठेवणं. धूर साधारण २०० अंशांच्या वर असेल तरच युरियाचं काम नीट होतं. उभ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही.

५. युरिया हाताळताना

इथे एक चूक म्हणजे पूर्ण यंत्रणा बदलण्याची वेळ, म्हणून जरा सविस्तर.

डब्यावर आयएसओ २२२४१ आणि तयार केल्याची तारीख पाहूनच घ्या. २५ अंशांच्या आत ठेवला तर तो साधारण १८ महिने टिकतो, ३० अंशांत १२ महिने, ३५ अंशांत जेमतेम ६. पत्र्याखाली उन्हात पडलेला डबा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. उणे ११ अंशांना युरिया गोठतो आणि गोठताना फुगतो, म्हणून थंड मुलखात टाकी गळ्यापर्यंत भरू नका. गोठून वितळलेला युरिया मात्र खराब होत नाही.

शेतीचा युरिया साध्या पाण्यात विरघळवून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. त्या युरियात आणि नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, इतर क्षार असतात. नोझल बुजतं आणि कॅटलिस्टवर क्षार कायमचे बसतात. पाण्यानं धुऊन परत येणारं नुकसान नाही ते.

तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, साधं लोखंड यांच्या भांड्यात युरिया ओतू नका, तो धातू खातो आणि धातूचा अंश टाकीत जातो. सांडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर वायरिंगच्या जोडात शिरून सुकतो आणि भलत्याच ठिकाणी कोड लागतो.

युरियाच्या टाकीत चुकून डिझेल गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका. पंप चालू झाला की डिझेल नळ्यांत, सीलांत, नोझलमध्ये पोचतं आणि रबर फुगतं. चावी न फिरवता टाकी रिकामी केली तर बरंच वाचतं. उलट चूक झाली, म्हणजे डिझेलच्या टाकीत युरिया गेला, तरी नियम तोच: इंजिन चालू करायचं नाही. युरियाचं पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं आणि इंधन तळातूनच ओढलं जातं.

खप किती असावा? साधारणपणे डिझेलच्या ३ ते ६ टक्के. शंभर लिटर डिझेलमागे तीन ते सहा लिटर. एकाएकी फार कमी लागायला लागला तर खूश होऊ नका, नोझल बुजत असेल. फार वाढला तर गळती शोधा, नळीच्या जोडावर पांढरी रेघ दिसते.

६. केबिनमध्ये धूर येत असेल तर

हे काम सगळ्यात आधी करा, बाकीची उपकरणं चार दिवस थांबली तरी चालतील.

थंड गाडीत, केबिन वर उचलून, तिला आधार लावून, मॅनिफोल्डपासून सुरुवात करा. गळती जिथे असते तिथे काजळी स्वतःच खूण करते. माझ्या गाडीत टर्बोच्या पुढच्या क्लॅम्पखालच्या उष्णतारोधक पत्र्यावर पंख्यासारखी काळी फराटी उमटली होती, टोक बरोबर क्लॅम्पच्या फटीकडे. क्लॅम्पचा बोल्ट हातानं फिरत होता. बोल्ट, गास्केट, क्लॅम्प नवे टाकले आणि डोकेदुखी त्याच दिवशी थांबली.

पाहायच्या जागा: मॅनिफोल्डची गास्केटं, टर्बोचे क्लॅम्प, लवचिक बेलो (पाइपातला जाळीदार, वाकणारा जोड), ईजीआर कूलरचे जोड, सेन्सरांची आटे असलेली भोकं. बेलोची जाळी बाहेरून ठीक दिसते आणि आतून फाटलेली असते, म्हणून टॉर्च मारून सगळीकडून पाहा. गळती नॉक्स सेन्सरच्या आसपास असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन आकडे चुकतात, म्हणजे पुन्हा सेन्सरवर आळ. सेन्सर बदलण्याआधी गळती तपासा असं मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठी.

इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, निघणारी ऑइलची वाफही केबिनमध्ये येते, विशेषतः सिग्नलला थांबल्यावर. ब्रीदरचा फिल्टर वेळेवर बदला. केबिनच्या तळाची रबरी बूचं, गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर, दारांची सीलं हेही पाहा. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि धूर पुढे ओढला जातो. त्यामुळे वास आला म्हणून फक्त मागची काच उघडणं उलटं पडतं.

७. रिजन पुरं होऊ द्या

लांबच्या भरल्या प्रवासात धूर २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान तापतो तेव्हा काजळी आपोआप हळूहळू जळत राहते, तुम्हाला कळतही नाही. गाडी कमी अंतराची, थांबत-थांबत चालणारी असेल तर तसं होत नाही. मग इंजिन स्वतः जास्तीचं इंधन वापरून डीपीएफ साधारण ६०० अंशांपर्यंत तापवतं. तेव्हा तापल्या लोखंडाचा, रंग जळाल्यासारखा वास येतो, पंखा मोठ्यानं चालतो, इंजिनचे फेरे वाढतात. नव्या माणसाला वाटतं गाडी पेटते आहे आणि तो चावी बंद करतो. दोन-तीनदा असं केलं की फिल्टर अर्धवट भरलेला राहतो आणि पुढचा दिवा लागतो.

उभ्या गाडीत रिजन करायची वेळ आली तर उघडी जागा, खाली काँक्रीट किंवा मोकळी जमीन निवडा. वाळलेलं गवत, पालापाचोळा, ताडपत्री, इंधनाचे टँकर जवळ नकोत. पाइपामागे माणूस उभा राहू देऊ नका. शेडच्या आत तर मुळीच नको. अर्धा-पाऊण तास लागतो, चहा प्यायला दूर जाऊ नका, गाडीजवळ थांबा. ज्वालाग्राही माल असेल तर रिजन रोखायचं बटण कुठे आहे ते माल भरण्याआधी पाहून ठेवा, आणि माल उतरल्यावर ते बटण परत सोडायचं विसरू नका. हे विसरल्यामुळे चोंदलेले फिल्टर मी पाहिले आहेत.

८. राख जळत नाही

काजळी जळते, राख नाही. राख येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त अशा घटकांमधून आणि फिल्टरमध्ये साठत जाते. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइलच लागतं, उदाहरणार्थ एपीआय सीके-४, ज्यात सल्फेटेड राख १ टक्क्याच्या आत असते. पुस्तिकेत लिहिलेला दर्जा सोडून दुसरं भरू नका.

मोठ्या ट्रकवर काही लाख किलोमीटरनंतर फिल्टर उतरवून साफ करावा लागतो. हे काम खास यंत्रावर होतं: हवेचा उलटा झोत, गरज पडली तर भट्टीत भाजणं. आधीचं आणि नंतरचं वजन मागून घ्या, कागदावर. प्रेशर वॉशरनं धुऊन देतो म्हणणाऱ्याकडे फिल्टर देऊ नका. ओली राख नळ्यांच्या तळाशी घट्ट बसते आणि आतला थर निघू शकतो. परत बसवताना बाणाची दिशा तपासा, गास्केटं नवी टाका.

९. गॅरेजमध्ये जाताना

कोड मिटवण्याआधी लिहून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. अवजड गाड्यांत कोड एसपीएन आणि एफएमआय अशा दोन आकड्यांत येतो. पहिला कुठल्या गोष्टीबद्दल तक्रार आहे ते सांगतो, दुसरा कशा प्रकारची. एसपीएन ३२५१ डीपीएफच्या दाबातला फरक, ३३६४ युरियाची गुणवत्ता, ४३६४ एससीआरची कार्यक्षमता. ४३६४ आल्यावर कुणी थेट सेन्सर काढायला लागला तर नम्रपणे विचारा: युरियाची तीव्रता मोजली का? नोझल उघडून पाहिलं का? गळती तपासली का? ही तीन उत्तरं मिळेपर्यंत नवा पार्ट घेऊ नका. काढलेला जुना पार्ट परत मागा.

एक दिवस तुम्हाला सांगितलं जाईल की हे सगळं काढून टाका, डीपीएफ आतून पोकळ करा, युरियाच्या जागी, तो फवारला जातो आहे असं इंजिनला भासवणारी एक डबी बसवा, कायमची कटकट मिटेल. मलाही एका गॅरेजमध्ये हेच सांगितलं होतं आणि त्या वैतागात मी जवळजवळ हो म्हटलं होतं. बऱ्याच देशांत हा गुन्हा आहे. तपासणीत गाडी नापास होते, वॉरंटी जाते, विकताना समोरच्यानं फडकं फिरवलं की सौदा मोडतो. पण मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. लोडिंगच्या वेळी मागच्या पाइपाच्या उंचीवर हमालांची तोंडं असतात. रोज.

१०. पहिल्या महिन्याचं वेळापत्रक

रोज: थंड इंजिनवर ऑइल आणि कूलंटची पातळी, वास काय आला त्याची एक ओळ. इंजिन बंद केल्यावर युरियाचा पंप थांबेपर्यंत मेन स्विचला हात नाही.

दर आठवड्याला: टर्बोच्या क्लॅम्पपासून बेलोपर्यंत टॉर्च, युरियाच्या जोडांवर पांढरी रेघ आहे का, मागच्या पाइपात फडकं.

दर टाकीला: डिझेल किती, युरिया किती, टक्के काढून लिहायचे.

महिन्याच्या शेवटी ही वही घेऊन बसा. माझ्या वहीत त्या पहिल्या महिन्यात ‘अमोनिया’ हा शब्द अकरा वेळा आहे आणि अकराही नोंदी सकाळच्या आहेत, आदल्या रात्री गाडी उभी केल्यानंतरच्या. मेन स्विचचं कारण तिथेच लिहिलेलं होतं, मी वही उघडेपर्यंत.